टँकर गेटवर उभा आहे

"टँकर कुठंपर्यंत आलाय ते सगळ्यांना घरबसल्या फोनवर दिसेल. गॅलरीत ताटकळायचं काम नाही!" असं मी सोसायटीच्या भर मीटिंगमध्ये जाहीर केलं. उस्मानपुऱ्यातल्या ऑफिसात इतकी वर्षं प्रोग्रॅम लिहितेय मी. एक टँकर शोधायचा, त्यात काय एवढं!

आमची सोसायटी बीड बायपासच्या पलीकडची. शहर वाढत वाढत आमच्यापर्यंत आलं, नळाची लाइन मात्र वाटेतच कुठंतरी दमून बसली. त्यात दुष्काळ. बोअर आटलेली. चार दिवसांआड कमरोद्दीनभाईंचा टँकर यायचा, आणि नवरदेवाची वाट पाहावी तशी अख्खी बिल्डिंग रस्त्याकडं डोळे लावून बसायची.

त्यांच्या गाडीत जीपीएस होतं. गाडी कुठं आहे, असं त्या जीपीएसवाल्यांच्या वेब सर्व्हिसला विचारलं की ती उत्तर पाठवायची. पण सगळी घरं मिनिटामिनिटाला विचारायला लागली तर तीही कावणार! म्हणून आलेलं उत्तर मी आमच्या डेटाबेसमध्ये साठवायचं ठरवलं. ॲपनं आधी तिथं बघायचं. उत्तर सापडलं तर तेच दाखवायचं, नसेल तरच सर्व्हिसला विचारायचं. तपासताना मी दर वेळी डेटाबेस पुसून टाकत होते. त्यामुळं दर वेळी उत्तर अगदी ताजं!

ॲप सुरू केलं तेव्हा टँकर नेमका खाली रिकामा होत होता. फोनवर उमटलं, ‘टँकर गेटवर उभा आहे.’ सगळ्यांनी खाली डोकावलं. खरंच उभा! आमच्या सेक्रेटरींनी, सदाशिवरावांनी, तर फोनलाच नमस्कार केला.

मधले दिवस ॲप कुणी उघडलंच नाही. पुढच्या खेपेच्या दिवशी सकाळी सगळ्यांनी उघडलं. ‘टँकर गेटवर उभा आहे.’

"आलं गं बाई पाणी!" तिसऱ्या मजल्यावरून मालनबाई ओरडल्या. त्या मूळच्या सिल्लोडच्या, आवाज कपाशीच्या रानात कमावलेला. "शिळं पाणी वता! पिंपं धुऊन घ्या!"

खाली डोकावून बघायचं कुणाला सुचलंच नाही, आणि बिल्डिंगीत पूर आला! मोऱ्यांतून, जिन्यातून, गॅलऱ्यांतल्या कुंड्यांतून पाणी वाहायला लागलं. शेजारच्या भानुमतीकाकूंच्या नातीला बघायला दुपारी पाहुणे येणार होते. त्यांनी दोन्ही पिंपं घासून लख्ख केली आणि नळ सोडला.

फुस्स!

सदाशिवराव धावत खाली गेले, मागोमाग मी. गेटवर टँकर नव्हता. त्यांनी एकदा गेटकडं बघितलं, एकदा फोनकडं.

"मागच्या गेटला असेल."

"आपल्याला मागचं गेट नाही, काका."

"मग गेला कुठं? फोन काय खोटं बोलतो?"

"शेजारच्या बिल्डिंगीत रिकामा केला आसंल!" वरून मालनबाई.

सदाशिवरावांनी तडक कमरोद्दीनभाईंना फोन लावला, स्पीकरवर.

"मी तर पैठण रोडला हाय ना साहेब, विहिरीवर. लाइन लई मोठी हाय."

"तुम्ही गेटवर उभे दिसताय!"

"मंग लावा ना मोटर, चढवा पाणी वर!"

सगळे हसले. सदाशिवराव नाही हसले. "एक खेप परस्पर विकलीत का?" ते म्हणाले.  पलीकडून फोन कट झाला.

मी तशीच वर पळाले, लॅपटॉप उघडला. डेटाबेसमध्ये एकच उत्तर, मागच्या खेपेचं! ते कधी जुनं धरायचं, हे मी लिहिलंच नव्हतं. टँकर तिथून निघून गेला, विहिरीवर जाऊन रांगेत लागला, आणि माझं ॲप त्याला गेटवर धरून बसलं होतं. खाली येऊन सगळ्यांसमोर सांगितलं.

भानुमतीकाकू पुढं आल्या. "म्हणजे तुझ्या शिळ्या उत्तरापायी आम्ही शिळं पाणी फेकलं?"

 गेटखालून पाण्याची धार अजून रस्त्याला लागत होती.

कमरोद्दीनभाई येतील की नाही, ही धाकधूक होती. आले. खाली उतरून त्यांनी ओल्या अंगणाकडं बघितलं. "माझ्याआधी कोन पाणी टाकून गेलं?"

"चूक माझी आहे, भाई," मी म्हटलं. सदाशिवरावांनी हात जोडले.

"दोन उन्हाळे झाले येतोय, साहेब," ते हळूच म्हणाले. "विकली का, असं नाय इचारायचं. कुठं हाय, येवढंच इचारायचं." मग हौदात पाइप सोडण्याआधी त्यांनी काकूंचा हंडा आणि कळशी भरून दिली. पाहुण्यांना चहा मिळाला.

फोन खोटं बोलला नव्हता. एकदा खरं होतं तेच तो सांगत राहिला, कारण पुन्हा विचारायची सोय मी ठेवली नव्हती. माझं जाऊ द्या. पण दोन उन्हाळे पाणी आणणाऱ्या माणसावर आम्ही सगळ्यांनी क्षणात संशय घेतला, तो कुठल्या डेटाबेसमधून आला होता, कोण जाणे.

त्याच दिवशी मी ॲप दुरुस्त केलं. आता प्रत्येक उत्तरापुढं वेळ दिसते आणि जुनं उत्तर आपोआप बाद होतं. पुढच्या खेपेच्या सकाळी मी ते कौतुकानं न्याहाळत बसले होते, तोच भानुमतीकाकूंचा फोन आला.

"मनस्विनी, मी कमरोद्दीनभाईंना विचारलं गं. देवळाई चौकात पोचलेत. तेवढं तुझ्या ॲपला कळवून ठेव, बिचारं पुन्हा चुकायचं!"