सतरा शेतांचा पाठ

"तुमची मोटार माझ्या आईच्या बटाट्यांत उभी आहे," हे वाक्य कानी पडले, तेव्हा माझ्या इंग्रजीवरचा माझा विश्वास क्षणभर ढळला. अमेरिकेत, पार्सिपनीला मुलाकडे येऊन मला आठवडाही झाला नव्हता. दारात पांढऱ्या भुवयांचे एक उंच वृद्ध गृहस्थ उभे होते आणि चिरंजीव काकुळतीने सांगत होते, "मिस्टर डोनल, इट्स अवर स्पॉट. नंबर फोर्टीन!"

"चौदा म्हणजेच बटाटे," ते शांतपणे म्हणाले. "बूट सांभाळा, ओल आहे." बाहेर लख्ख, कोरडे ऊन होते.

"बाबा, टेन्शन घेऊ नका," सूनबाई हसल्या. "वरच्या काकूंची व्हॅन तर कायम मेंढ्यांत असते."

हे २००५ सालचे. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, जेथे भूमी संपते आणि केवळ समुद्र उरतो, तेथील एका खेड्यात डोनल जन्मले. ऐन तारुण्यात अमेरिकेत येऊन त्यांनी आयुष्यभर रस्त्यांवर डांबर घातले. आमच्या संकुलाचे पार्किंगही त्यांच्याच हातचे. त्यावरून रोज प्रातःकाळी, टोपी काढून, ते आपल्या गावची सतरा शेते, एकेकाचे नाव घेत, चालून येत.

मी तेव्हा बाहेरच्या बाकावर संध्या आटोपून बसलेला असे. संकल्पात आपण कोठे बसलो आहोत हे उच्चारावे लागते, असे मी त्यांना एकदा सांगितले. "लागणारच," डोनल म्हणाले. "नाहीतर देवाला पत्ता कसा कळायचा?" त्या दिवसापासून आमचे जमले.

धुके असले, की मोटारी दिसेनाशा होत आणि डोनलांच्या बोटापुढे गाव उमटू लागे. हे विहिरीचे शेत. हे आंधळ्या घोडीचे. आणि तो डोंगर चढत जाणारा दगडी बांध, भुकेची भिंत. दुष्काळात वाडगाभर लापशीसाठी लोकांनी ती रचली. ती काहीच अडवीत नाही, कोठेच पोहोचत नाही. "पण सरळ आहे हो," डोनल अभिमानाने म्हणत. "उपाशी माणसांनी बांधली, तरी रेघेसारखी सरळ!"

एके सकाळी ते नवव्या शेतापाशी थबकले. बराच वेळ पुढचे नाव येईना.

"दर रविवारी बहिणीला फोनवर सगळी म्हणून दाखवायचो," ते म्हणाले. "चुकलो, की ओरडायची. गावात ती शेवटची होती. हिवाळ्यात गेली. आता चुकलो तरी मला कळणार नाही."

मी चाळीस वर्षे पाठशाळेत काढली आहेत. पाठ म्हणणाऱ्यासमोर चूक धरणारा लागतो. तो नसला, की पाठ हळूहळू झिजतो, हे मला सांगावे लागत नाही. मी म्हणालो, "मला संथा द्या."

मग आम्ही क्रमाने म्हणू लागलो. विहिरीचे, घोडीचे. घोडीचे, भिंतीचे. भिंतीचे, बटाट्यांचे. दोन म्हातारे हात मागे बांधून मोटारींमधून घोष करीत हिंडत. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, खालची लेडी विचारत होती, हा योगाचा क्लास आहे का? तिला जॉइन करायचंय." डोनलांनी निरोप धाडला, "या म्हणावं, पण गमबूट घालून."

सहा महिन्यांनी मी परतलो. गावी संध्येनंतर सतरा शेते म्हणण्यात खंड पडू दिला नाही.

दोन वर्षांनी पुन्हा आलो, तेव्हा चिरंजिवांनी विमानतळावरच सांगितले, "बाबा, डोनल आता कोणाला ओळखत नाहीत."

ते बाकावर बसले होते. टोपी मांडीवर. मी शेजारी बसलो आणि विहिरीपासून आरंभ केला. बाजूच्या मोटारी एकेक करून कामावर निघून गेल्या. त्यांनी डोळे मिटले होते. मी कोठेही चुकलो नाही, असे मला वाटते. सांगणारे मात्र कोणी नव्हते.

सतरावे नाव संपले, तेव्हा ते अत्यंत सौजन्याने म्हणाले, "सुंदर गाव आहे. तुमचं का?"

"आपलंच," मी म्हणालो.

"मग दाखवा की."

मी हात दिला. ते उठले, रिकाम्या, कोरड्या डांबराकडे पाहून थांबले आणि माझी बाही धरून हळूच म्हणाले,

"बूट सांभाळा. ओल आहे."