कार्बन निघून राहिला

कार्बन म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये. सारी नोकरी मी अमरावतीत विज्ञान शिकवण्यात काढली. कंदिलाच्या काचेवर धरते ती काजळी म्हणजे कार्बन, चुलीतला कोळसा म्हणजे कार्बन, पेन्सिलीचं टोक म्हणजेही कार्बनच. माझ्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारा, कूस बदलायच्या आत उत्तर देईल. निवृत्तीनंतरही उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतली पोरं माझ्या अंगणात जमतात. आम्ही सायकलची चेन साफ करतो, जुन्या पुस्तकांना खळ लावून कव्हरं घालतो, बंद पडलेली घड्याळं उघडतो. ती पुन्हा चालू होतात असं नाही, पण आत काय असतं ते पोरांना कळतं.

तर अशा माझ्या दारात त्या गुरुवारी एक स्पोर्ट्स कार येऊन उभी राहिली.

गाडी अमोलची. अमोल म्हणजे माझी नात वर्षाली हिचा होणारा नवरा. अकोटचा मुलगा, वडिलांचं, उत्तमरावांचं, तिथे कापसाचं जिनिंग. दोघांनी एकमेकांना स्वतःच पसंत केलं होतं आणि मग आम्हा थोरांना तेच स्थळ शोधायला लावलं होतं, म्हणजे आमचाही मान राहिला. रविवारी साखरपुडा होता. वर्षालीनं मला बजावूनही ठेवलं होतं, "आबाजी, रविवारपर्यंत तुमी काही नवीन प्रयोग करू नका."

गाडी लालभडक, दोनच माणसांची, आणि इतकी बसकी की तीत बसायचं म्हणजे पाटावर पंगतीला बसल्यासारखं. अमोलनं ती पुण्याहून जुनीच घेतली होती, पण जपत होता नव्या नवरीसारखी. तो उतरला, माझ्या पाया पडला आणि उदास तोंडानं म्हणाला, "गाडी मस्त आहे, आबाजी. एकच ताप आहे. कार्बन निघून राहिला."

"कुठून?"

"आतून. सगळीकडून."

एवढ्यात वर्षालीनं स्कूटीचा हॉर्न वाजवला. साखरपुड्याचा शालू घ्यायचा होता. सावली सरकली तर गाडीही सरकवावी म्हणून अमोलनं किल्ली माझ्या हातात दिली आणि तो तिच्या मागे बसून गेला.

मी आत डोकावलो. खरंच निघत होता! समोरच्या फळीवर, गिअरभोवती, स्टेअरिंगवर, दाराच्या मुठींवर काळं, चकचकीत, जाळीजाळीचं काहीतरी बसलेलं होतं आणि कडांना त्याचे पापुद्रे सुटले होते, तव्यावर राहिलेल्या भाकरीसारखे. अकोटच्या उन्हात दुसरं काय होणार? आमच्या नाक्यावरचा मिस्त्री नेहमी म्हणतो, "गुरुजी, सायलेन्सरमंधी कार्बन जमला, काढा लागते." काढला की स्कूटर हरणासारखी पळते. इथे तर कार्बन आपणहून निघून राहिला होता. त्याला फक्त आधार द्यायचा होता.

मी पोरांना गोळा केलं. लाकडी पट्ट्या, खोबरेल तेल, जुन्या धोतराची फडकी, आणि निघेल ते टाकायला बादली. "बाळांनो," मी म्हणालो, "आज आपण कार्बन प्रत्यक्ष काढणार आहोत."

पोरांनी कांदा सोलावा तशी गाडी सोलली. ते पापुद्रे असे लांबच लांब निघत की पोरं हरखून जात. फक्त दामिनी, इयत्ता पाचवी, हात वर करून उभी राहिली. "गुरुजी, काजळी असती तं हाताले लागली असती ना? माहे हात तं साफच आहेत."

"उत्तम प्रश्न," मी म्हणालो. शाबासकी दिली आणि काम पुढे चालू ठेवलं. मुलांच्या प्रश्नांचं मी नेहमीच कौतुक करतो. ते ऐकावेतही, हे त्या दिवशी कळलं.

शेवटची दाराची मूठ सोलून झाली तेव्हा वर्षालीचा फोन आला.

"आबाजी, गाडी सावलीत आहे ना? आतलं कार्बन फायबर पयलेच सुटून राहिलं. सोमवारी पुण्याचा माणूस येणार आहे चिकटवाले."

"कार्बन… काय?"

"फायबर. विमानात लावतात थे. शोभेचं असते. अमोलनं तेवढ्यासाठी तं ही गाडी घेतली. नुसता हात फिरवत बसते त्याच्यावर."

मी बादलीकडे पाहिलं. बादलीत विमान पडलं होतं. त्यातल्या दोन पापुद्र्यांच्या पोरांनी वाचनखुणा केल्या होत्या आणि एकानं मिशी लावली होती.

गाडीच्या आत पाहिलं, तर जिथे काळी चकाकी होती तिथे आता राखाडी प्लॅस्टिक आणि पिवळ्या गोंदाचे ओरखडे. खरजेनं कुत्र्याचे केस झडावेत तसं. रविवारी साखरपुडा, आणि आजेसासऱ्यानं नातजावयाची लाडकी गाडी नागवी केली! वर्षालीला काय तोंड दाखवणार? काहीतरी काळं हवं होतं. काळं, चकचकीत, आणि पक्कं चिकटणारं.

आणि मला बाटली आठवली. बिब्याच्या तेलाची.

आपल्याकडे घरोघरी टाचांच्या भेगांना बिबा लावतात. धारणीकडून आणलेली ती बाटली माझ्या कपाटात कायम असते. बिब्यासारखं काळं जगात काही नाही, त्यानं केलेली धोब्याची खूण कापड फाटलं तरी जात नाही. हो, बिबा काही लोकांना उततो, अंगावर फोड येतात, सूज येते. म्हणून पोरांना मी घरी पाठवलं. तेवढी अक्कल मला होती. तेवढीच होती. कारण मला स्वतःला बिबा कधी उतला नाही, आणि वाळल्यावर तो कुणाला काय करणार, असा मी विचार केला. कापसाच्या बोळ्यानं सगळीकडे दोन हात मारले. फळी, गिअर, स्टेअरिंग, मुठी. मग काचा लावून गाडी उन्हात ठेवली. संध्याकाळपर्यंत आतून ती अशी काळीभोर चमकत होती की मला माझाच अभिमान वाटला.

अमोल आला. आत पाहिलं.

"आबाजी, हे…"

"जुना कार्बन काढला," मी म्हणालो, "नवा लावला."

बिचारा धपकन सीटवर बसला. मला वाटलं, आनंदानं. पण होणाऱ्या सासरी मोठ्या माणसाला काही बोलायचं नसतं, असं चांगलं वळण त्याच्या घरचं. तो एवढंच म्हणाला, "बरं केलं, आबाजी. कावून त्रास घेतला." स्टेअरिंगवरून हात फिरवला, कपाळाचा घाम पुसला, आणि तसाच अकोटला गेला.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणाआधी उत्तमरावांचा फोन आला. माझा मुलगा किशोर बोलत होता. बोलता बोलता तो हळूहळू खुर्चीवर बसला.

"काय झालं?" माझी सून साधना म्हणाली.

"अमोलचं तोंड फुगलं म्हणते."

घर गार पडलं. आपल्याकडे जावयाचं तोंड फुगणं ही काय चीज आहे हे मी वाचकांना सांगायला नको. जावई फुगला की मांडवात वरात अडते, पंगत अडते, कुठे अंगठी कमी पडते, कुठे घड्याळ. पण साखरपुड्याच्या आधीच फुगणारा जावई आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

"कशासाठी फुगला?" साधनानं विचारलं.

"तेच विचारलं मी. काही पायजे का म्हटलं त्याहिले. तं उत्तमराव म्हणते, थंड काहीतरी पायजे. थंड असलं की बरं वाटते म्हणे त्याले."

साधना म्हणाली, "फ्रीज मागून राहिले."

"का कूलर?"

"असे वाटले नव्हते व माय हे लोक."

वर्षाली उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "अमोल मागून राहिला? अमोल?"

"तुह्या सासऱ्यानं सोता सांगितलं, पोरी. सकाळपासून कोणाशी बोलला नाही. गाडीतून उतरल्यापासून फुगला आहे म्हणे."

गाडी हा शब्द ऐकून माझे कान टवकारले. मी म्हणालो, "वर्षाली, अगं, कदाचित त्या गाडीमुळे… मी जरा तिचा कार्बन…"

"मंग तोंडावर बोलायचं ना, आबाजी! फुगून कूलर कावून मागायचा? असा माणूस मले नाही पायजे. उद्या जाते अन् सांगते." आणि ती खोलीत गेली. कडी लावल्याचा आवाज आला. मुलगी पहिल्यांदा स्वतःहून कुणाला जीव लावते आणि तिच्या आजोबाच्या एका बोळ्यानं ते सगळं पुसलं जातं! मला जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळी आम्ही सगळे निघालो. किशोरच्या गाडीत दाटीनं बसलो. मागच्या सीटवर माझ्या मांडीला टेकून नवा कूलर होता. किशोरचं म्हणणं पडलं, लग्न मोडायचं की नाही ते वर्षाली ठरवेल, पण कूलर सोबत असलेला बरा.

उत्तमराव दारातच भेटले. चेहरा काळजीनं उतरलेला. "या गुरुजी. तुमीच पाहा आता. माहं तं डोकं चालून नाही राहिलं."

वर्षाली त्यांना ओलांडून थेट आत गेली. पलंगावर अमोल भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"फुगला म्हणे तू?" ती कडाडली. "फुग. मले काही फरक पडत नाही. आमी कूलर आणला, तो घे, अन्…"

अमोल वळला.

एवढं मोठं तोंड मी कौंडण्यपूरच्या जत्रेतल्या रावणाचंही पाहिलं नव्हतं. डोळे पुरणपोळीत दोन बेदाणे दाबावेत तसे आत गेलेले. ओठ भरताच्या वांग्यासारखे. हातांची बोटं तर एकमेकांत मावत नव्हती, गाजरांची जुडी बांधून ठेवल्यासारखी दिसत होती.

"मायबाई," साधना म्हणाली आणि मटकन खाली बसली.

"मंग फोनवर काय सांगत होतो मी?" उत्तमराव म्हणाले. "तोंड फुगलं. थंड लेप द्या लागते म्हणून सांगितलं डॉक्टरनं." मग त्यांना दारातला कूलर दिसला. "अन् हे काय आणलं बापा?"

किशोर म्हणाला, "थंड…" आणि पुढे काही सुचलं नाही म्हणून त्यानं कूलरची वायर सॉकेटमध्ये लावली.

अमोलच्या उशाशी त्याची आजी पार्बताबाई खोबरं किसत बसली होती. "डॉक्टर काही म्हणो," ती म्हणाली, "मी सांगते, बिबा उतला आहे, खोबरंच लावा लागते. माह्या हातानं पोरं वाढली. पण हा म्हणते, मी बिब्याच्या वाऱ्यालेही गेलो नाही. मंग बिबा काय उडत आला?"

कूलर घरघरू लागला.

"बिबा," मी म्हणालो, "उडत नाही आला. मी लावला."

मग सांगावं लागलं. कार्बन, पोरं, बादली, बाटली, सगळं. मी सांगत होतो आणि उत्तमरावांचं तोंड उघडत चाललं होतं. पार्बताबाईनं किसणी खाली ठेवली. आयुष्यभर वर्गात उभं राहून बोललो, पण असा शांत वर्ग मला कधी मिळाला नाही.

अमोलनं ते वांग्यासारखे ओठ कसेबसे हलवले. "मले वाटलं, पॉलिश आहे."

"मंग परवाच बोलला कावून नाही?" वर्षालीनं विचारलं.

"तुहे आबाजी आहेत," अमोल म्हणाला. "त्याहिले काय बोलू?"

वर्षालीनं त्याच्याकडे पाहिलं. मग ती पलंगाच्या कडेला बसली, पार्बताबाईच्या पुढ्यातली खोबऱ्याची वाटी घेतली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. अमोलही हसला असावा, कारण त्याचे बेदाणे दिसेनासे झाले. साधना मला म्हणाली, "बाबा, आता तुमी बाहेर बसा." मी बसलो.

रविवारचा साखरपुडा ठरल्याप्रमाणे अमरावतीत झाला. अमोल डॉक्टरची गोळी घेऊन आला. अंगठी अनामिकेत गेली नाही, करंगळीच्या पहिल्या पेरापर्यंत गेली, आणि तिथून पडू नये म्हणून फोटोवाल्यानं सगळ्यांना घाई केली. अजूनही कोणी तो फोटो पाहिला की विचारतं, नवरदेव बॉक्सिंग खेळतात का?

लग्नापर्यंत सूज पूर्ण उतरली. अमोल पुन्हा देखणा झाला. हळदीच्या दिवशी आम्ही सगळे अकोटला गेलो. थोरांनी एकेक करून नवरदेवाला हळद लावली. माझी पाळी आली. मी वाटीत बोटं बुडवली आणि अमोलच्या गालाकडे हात नेला, तोच मांडवातल्या बाया एकदम चूप झाल्या.

पार्बताबाईनं माझं मनगट हवेतच धरलं. माझी बोटं नाकाशी नेऊन हुंगली. मग ती हळद बोटावर घेतली आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलाच्या, उत्तमरावांच्या, गालाला फासली.

"थोडं थांबा, गुरुजी," ती म्हणाली. "याले काही होते का पाहू."