जेवणाआधीची टीप

जेवण झाल्यावर बडीशेपेच्या बशीत टीप टाकणारे आपण सगळे. मुकुंदकाका मात्र टीप देतात आणि मग खुर्चीवर बसतात. पंख्याखालच्या टेबलाशी उभे राहतात, खिशातून घडी केलेली नोट काढून वेटरच्या हातावर ठेवतात आणि विचारतात, "हां याकूब, आज क्या है?"

मी आबिड्सच्या बाजारात नळाच्या तोट्या विकतो. उदगीरहून आलो तेव्हा सायकलला पाइप बांधून गल्लोगल्ली फिरलोय. माल पाहिल्याशिवाय पैसा सुटत नाही माझ्या हातून. त्यामुळे काकांचा हा प्रकार पाहिला की माझं डोकं फिरे.

"काका, कामाआधी मजुरी? त्यानं थंड दालचा आणून आपटला तर?"

"आपटत नाही."

"पण आपटला तर?"

"तुझ्यापुढे आपटतो ना, पुरे झालं."

आणि खरंच आपटायचा. हीच माझी जुनी जखम. आम्ही दोघं दुपारी दोनला त्याच हॉटेलात जेवतो. घरी वाढणारं कुणी उरलं नाही हे दोघांचंही खरं, पण तो विषय आम्ही कधी काढला नाही. काका निवृत्त नकाशाकार, बिनलग्नाचे. अंबरपेठहून बसनं येतात, इस्त्रीचा रुमाल मांडीवर पसरतात, चमचा उजेडात धरून बघतात. "माणूस आधी, मसाला मागून," हे त्यांचं पालुपद. त्यांच्या पानात बगारा चावल, म्हणजे फोडणीचा भात, वाफाळता, कांदा तेव्हाच चिरलेला. माझं टेबल दाराजवळ, उन्हात. कांदा सकाळचा.

मी तर दर जाहीर केलेला होता. जेवण गरम तर दहा, कोमट तर पाच, थंड तर काही नाही. एवढा सरळ व्यवहार असूनही याकूबभाई माझ्याकडे वीजबिलाकडे बघावं तसा बघायचा.

मी हट्टाला पेटलो. एकदा वेळेआधी जाऊन काकांच्याच टेबलावर बसलो. याकूबनं खांद्यावरचं फडकं टेबलावर ठेवलं. "ये काका का है, सेठ. उठो." उठलो. मग मालकाकडे तक्रार केली. त्यानं मान हलवली आणि पुन्हा नोटा मोजू लागला. शेवटी म्हटलं, काकांचीच युक्ती त्यांच्यावर उलटवू. बसण्याआधी याकूबच्या हातात शंभराची कोरी नोट दिली. काकांकडे बघून मिशीवर हात फिरवला.

याकूब परत आला तो दहा-दहाच्या दहा नोटा घेऊन. "छुट्टा होना था ना, सेठ?"

काकांना पाणी पिताना ठसका लागला. चार दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

पाचव्या दिवशी दोन वाजले तरी काका आले नाहीत. याकूब स्वतःहून माझ्याकडे आला. "सेठ, पंखे के नीचे बैठो." बसलो. वाफाळता भात आला, ताजा कांदा आला. जिंकलो, असं वाटून पहिला घास घेतला. पण याकूबची नजर एकसारखी दाराकडे. अडीच झाले तसा त्यानं एप्रन काढून गल्ल्यावर ठेवला.

"सेठ, स्कूटर है ना? अंबरपेठ चलो."

"कायकू?"

"काका ढाई तक नै आये तो घर जाके देखना. रोज के पैसे उसीच के हैं."

पैसे देऊन घेतलेलं जेवण मी आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्यावर सोडलं.

काकांच्या घराची किल्ली याकूबच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती. काका न्हाणीघरात पडले होते, सकाळपासून. पाय वाकडा झालेला, ओठ सुकलेले. याकूबनं त्यांचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजलं. दोन घोट पोटात गेल्यावर काका म्हणाले, "वक्त पे आया." मग मी दिसलो. "काय रे, पंख्याखाली बसलास का?"

"बिठाया ना काका," याकूब म्हणाला. "तुमीच बोले थे, मैं नै आया तो सेठ को बिठाना, बिचारा धूप में खाता."

मी खाली जाऊन रिक्षा आणली. रिक्षावाल्यानं सांगितला तो भाव दिला.

काकांचा पाय आता प्लास्टरात आहे. डबा याकूब पोचवतो, आणि काका आधी नोट देतात, मग डबा हातात घेतात.

काका पडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी हॉटेलात गेलो, टेबलाशी उभा राहिलो आणि खिशातून नोट काढली.

"छुट्टा?" याकूबनं विचारलं.

"नक्को. हिमायतनगर. पानी की टाकी के पीछे, दूसरा माला. लिख लो."

त्यानं लिहिलं काहीच नाही. नोट खिशात घातली आणि हात पुन्हा पुढे केला. "चाबी?"

मी जुडग्यातून घराची किल्ली सोडवली. कडी घट्ट होती, नख दुखलं. किल्ली त्याच्या हातावर ठेवली, पण बोटं सोडण्याआधी म्हणालो, "लेकिन ढाई नक्को. सव्वा दो को निकलना."