नाना उमेदवाराच्या पोटऱ्या बघतात

आमच्या वाडीत मत मागायला येणाऱ्या माणसाला आधी पँट गुडघ्यापर्यंत वर करावी लागते. ही सरकारची अट नाही, धाकूनानांची आहे.

नाना आमचे शेजारी. कापडे गावाच्या वर डोंगरात आमची वाडी. गाडी खालच्या वळणापर्यंत येते, पुढं तासाभराचा चढ. नानांनी उभ्या जन्मात बैल पारखण्याखेरीज काही केलं नाही. म्हणजे शेती केली, संसार केला, पण ते काय सगळेच करतात. बैल घ्यायचा तर अख्खी पंचक्रोशी नानांना बरोबर नेते. त्यांनी नको म्हटलेला बैल पहिल्याच नांगरटीला बसतो, असा लौकिक आहे. मग मत कुणाला द्यायचं हेही लोक त्यांनाच विचारायला लागले.

नानांचा हिशेब सरळ. "बैल दावणीला बांधायचा तर आपण दहा येळा बगतो. ह्यो तर पाच वर्सं बांधायचा हाय. मग नको बगाया?"

गेल्या खेपेला पोलादपूरकडचे एक पुढारी आले. पांढरेशुभ्र कपडे, कपाळाला गंध. अंगणात पोचले तेव्हा त्यांच्याकडे सगळं होतं, फक्त श्वास नव्हता. भाषण कार्यकर्त्यानंच उरकलं. नानांनी साहेबांभोवती एक फेरी मारली. "साहेब, धा पावलं चाला बगू."

साहेब चालले. निवडणूक जवळ आली की माणूस काय वाट्टेल ते करतो.

"पोट पुढं, पाय मागं राह्यलं," नाना म्हणाले. "चढाला बसंल ह्यो."

मग त्यांनी खांद्यावरचा पंचा साहेबांच्या हातावर टाकला आणि त्याखाली त्यांचा तळहात दाबून बघितला. बैलबाजारात सौदा असाच होतो, पंच्याखाली बोटं धरून. साहेबांना वाटलं आपला सत्कार चाललाय. त्यांनी दुसराही हात पंच्याखाली सरकवला.

"कापूस हाय," नाना म्हणाले आणि पंचा काढून घेतला.

दुसरा आला तो बिरवाडीचा तरणाबांड, व्यायामशाळेत घडवलेला. शर्टाच्या बाह्या फाटतील की काय अशा. वाडीतल्या निम्म्या बायका तिथंच पाघळल्या. नानांनी त्याची मान चाचपली. "घट्टा नाय. ह्यानं जू कधी घेतलंच नाय. ह्यो मिरवणुकीचा, नांगराचा नव्हं." तिसऱ्याला त्यांनी दात दाखवायला सांगितले. तो फोटोसाठी हसावं तसा छान हसला. नानांनी जवळ जाऊन नीट बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पत्रकावर वय कमी लिवलंय." तो पुन्हा वाडीत फिरकला नाही.

मी महाडच्या कॉलेजात राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले. वाडीतली पहिली. हे मी दर चार वाक्यांनी सांगते आणि मला त्याची लाज नाही. नाना मला नावानं हाक मारत नाहीत, 'बी.ए.' म्हणतात. एकदा मी त्यांना समजावलं, "नाना, माणसाचे विचार बघायचे. अंग काय बघता?"

"इचार समद्यांच्या कागदावर सारखेच गो बी.ए. पाय तेवढे येगळे."

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात पायांवर एकही धडा नव्हता.

यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं आणि नानांची सून, आमची पारूवहिनी, उभी राहते म्हणाली. नवरा मुंबईला, घरात ही आणि सासरा. वहिनी बचत गट चालवते, ग्रामसभेत एकटी उठून प्रश्न विचारते. पण अंगकाठी अशी की वारा सुटला तर तिनं कशाला तरी धरून उभं राहावं. अर्ज भरायला एकच दिवस उरलेला आणि नानांचा शब्द काही मिळेना. त्यांनी मान हलवली नाही तर वरच्या वाड्यांतलं एक मत हलणार नव्हतं.

"नाय चालायची," नाना म्हणाले. "हाड बारीक. उंची नाय. लोकशाहीत माणूस दिसाया लागतो."

वहिनी भाकऱ्या थापत होती. मान वर न करता सासऱ्याला म्हणाली, "आबा, पोटऱ्या बगायच्या तर पाणवठ्यावर या. दोन हंडे घेऊन चढते मी. तुमच्या त्या सायबावानी धापा टाकत नाय."

"आवाज पण बारीक हाय."

"मग आता कसा ऐकू गेला?"

नाना उठून गोठ्यात गेले. मी मागोमाग गेले. ते बैलाची पाठ चोळत उभे होते.

"नाना, तिच्या पायात दम नाही, हे तुम्ही माझ्याकडे बघून सांगा."

ते बैलाकडेच बघत राहिले. "दम हाय. त्योच तर घोळ हाय."

"म्हणजे?"

"निवडून यील ती. मग रोज खाली. पंचायत, पोलादपूर, मिटिंगा." त्यांचा हात चोळायचा थांबला. "पोरगा मुंबैला. तू शिकाया गेलीस. सांजच्याला चूल पेटवताना ती दिवसाचं समदं सांगते. कुणाची म्हस आटली, कोण कुणावर रुसलं. मी हूं म्हणतो. तेवढंच बोलणं हाय माझं." मग बैलाच्या मानेवर थाप मारून म्हणाले, "ह्याच्याशी बोलून बगितलं. ऐकतो चांगलं. पण सांगत काय नाय."

मी बी.ए. आहे, पण तिथं मी नुसता पेंढा उचलून बैलापुढं टाकला.

दुसऱ्या दिवशी अर्ज भरायला वहिनी निघाली तेव्हा नाना तिच्यापुढं चार पावलं होते. वाटेतल्या प्रत्येक वाडीत थांबून त्यांनी एवढंच सांगितलं, "घरचं हाय, म्हणून मी बोलत नाय. तुमी बगून घ्या." लोकांनी बघून घेतलं. वहिनी सरपंच झाली.

आता ती संध्याकाळच्या जीपनं येते. नाना गुडघे धरत धरत तासभर आधीच बैल घेऊन वळणावर उतरतात. कुणी विचारलं तर म्हणतात, "चाराया आणलाय." त्या वळणावर नुसतं डांबर आणि खडी. गवताची काडी नाही.

परवा मी त्याच जीपमधून उतरले. नानांनी वहिनीच्या हातातली कागदांची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला अडकवली, बैल वळवला आणि चढाला लागता लागता म्हणाले, "हं. आता पयल्यापासनं सांग. कोण काय बोललं?"