बेवारस उजेडाची बखर

केसाएवढ्या काचेच्या तंतूतून जो उजेड वाहतो त्यास स्मरून, आणि ज्या जिन्यात ही मोहीम जाहली त्या जिन्यातील कोळिष्टकांस साक्ष ठेवून, जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे घातले असल्यास अगदीच थोडके.

इमारतीचे दुसरे मजल्यावर राजमान्य राजेश्री वकीलसाहेब सहकुटुंब नांदत होते. साहेबांची हयात वाटणीचे दावे लढण्यात गेली. भावाभावांत भिंत घालावी तर साहेबांनीच, ऐसा लौकिक. त्यांची धाकटी बहीण दूरदेशी. तिचे गळ्याची शस्त्रक्रिया जाहली, आणि मग कित्येक दिवस मुखातून शब्द नाही, आणि पुन्हा निघेल की नाही हे डॉक्टरांसही ठाऊक नव्हते. अखेर आज दुपारी बोलून पाहावे ऐसा हुकूम सुटला, आणि पहिला शब्द दादापाशीच बोलेन ऐसा तिचा खलिता मोबाईलवर दाखल जाहला. साहेब वरवर हसले, परंतु खलिता तीनदा वाचिला.

ऐसीयास घरचे इंटरनेट मोठे बेइमान. चित्र गोठे आणि आवाज तुटे. मग साहेबांनी मसलत केली. जोडणीचे समयी केबलवाल्याने जिन्यातील पेटी दाखवून म्हटले होते की, "इथं उजेडाची आठ घरांत वाटणी होते." वाटणी हा शब्द कानी पडावा आणि साहेबांनी स्वस्थ बसावे हे होणे नाही. आठांपैकी एक घर कुलूपबंद. सबब त्याचा हिस्सा बेवारस. सबब त्याची तार उपटली की तो हिस्सा उरल्या वारसांस पोहोचलाच पाहिजे, ऐसा कायदा त्यांनी खुद्द उजेडास लागू केला.

"अहो, राहू द्या, आहे तेही जाईल," ऐसा साहेबांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, अर्ज गुजारला, तो नामंजूर होऊन साहेब स्टुलासहित जिन्यावर चालून गेले आणि पेटी उघडून रिकाम्या घराची तार उपटते जाहले. हिस्सा तसूभर वाढला नाही. मग आपली तार सैल असेल म्हणून तीही उपटिली, तोंडाने फुंकिली, अंगठ्याने पुसिली आणि पुन्हा खोविली. तो घरातून काकूंची हाक आली की वायफायच्या डबीवर लाल दिवा लागला. होते तेही राज्य गेले. साहेब स्टुलावरच बसले आणि म्हणाले, "तिला काय सांगू आता?"

काकूंनी मसलतीची वाट न पाहता केबलवाल्यास कुमकेस बोलाविले. त्याने पेटी पाहिली, कपाळावर हात मारला आणि जाहीर केले की, या पेटीत वीज नाही की अक्कल नाही, नुसती काच आहे. एका वाटेच्या दोन, दोहोंच्या चार, चारांच्या आठ होतात आणि उजेड आपसूक फुटतो. घरी कोणी असो वा नसो, आठवा हिस्सा त्या तोंडाशी जाणारच. तार काढिली तर तो तिथेच सांडेल, शेजाऱ्यास मिळणार नाही. निरोपही सगळ्यांचे सगळ्यांच्या दारी येतात, आणि शाळेत पोरे हजेरीस आपल्याच नावाला ओ देतात तैसी प्रत्येक डबी आपलाच निरोप उचलते.

"मग वाटणी कशाला म्हणालास?" साहेब कडाडले.

"तुम्हाला समजावं म्हणून, साहेब!"

मग त्याने तारेच्या टोकावरील अंगठ्याचा तेलकट ठसा साफ केला, दोन्ही तारा जागी बसविल्या आणि हिरवा दिवा तख्तावर आला. परंतु चित्र गोठण्याचा गनीम निराळाच निघाला. दिवाणखान्याची शोभा जाऊ नये म्हणून साहेबांनी डबी लोखंडी कपाटामागे दडविली होती. "मी कधीची सांगतेय," ऐसे काकू बोलल्या, आणि डबी उघड्या फळीवर विराजमान जाहली.

इतक्यात फोन वाजला. पडद्यावर बहीण आली, गळ्याला पट्टी. तिने तोंड उघडले. काही निघाले नाही. पुन्हा उघडले, आणि घोगरा, चिरका, परंतु तिचाच आवाज आला, "दादा..."

साहेबांचा चेहरा जागच्या जागी थिजला. ओठ हलेना, पापणी लवेना.

"दादा, नेट अडकलं का रे?"

काकू डोळे पुसत पुढे झाल्या. "नेट चालू आहे गं. हेच अडकलेत."

येणेप्रमाणे बहिणीचा आवाज भावापावेतो न तुटता पोहोचला आणि मोहीम फत्ते जाहली. वकीलसाहेबांस त्यानंतर बराच वेळ एक शब्दही बोलता आला नाही, ही गोष्ट त्यांच्या उभ्या हयातीत प्रथमच घडली, सबब येथे नमूद केली असे.