घर वेगळं, धंदा वेगळा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि शुद्धलेखन देवाच्या हवाली. कुणी हे वाचलंच, तर सांभाळून घ्यावं. पण देवतळेभाऊजींबद्दल लिहायचंच आहे, कारण चहा पिता पिता मधेच कप बदलणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

अवधपुरी कॉलनीत आमच्या समोरच त्यांचं घर. मूळचे नागपूरचे. बायको गेल्यापासून एकटेच असतात. बाहेरच्या खोलीत बसून लहान दुकानदारांचे टॅक्सचे कागद करतात. आलेल्याला निळ्या कपात चहा. तो ऑफिसचा खर्च. बोलता बोलता माणूस मुलीच्या लग्नावर घसरला, की भाऊजी उठतात, उरलेला चहा पांढऱ्या कपात ओततात आणि म्हणतात, "आता हा घरचा. घर वेगळं, धंदा वेगळा."

एकदा कॉलनीतला शिंपी स्वतःच्या लग्नाच्या शेरवानीचं बिल घेऊन आला. मी भाऊजींचा जेवणाचा डबा द्यायला गेले होते, म्हणून ऐकलं.

"भैया, शेरवानी दुकान का खर्चा कैसे हुई?"

"साहब, शादी में सारे ग्राहक ही तो आए थे. दुकान की पब्लिसिटी हुई!"

"तो घोड़ी भी लिख दूँ? डिलीवरी का वाहन?"

शिंपी विचारात पडला. "लिख सकते हैं क्या?"

भाऊजींनी त्याला पांढऱ्या कपात चहा दिला आणि घरी पाठवलं. "टॅक्स वाचवायचा तर एप्रिलपासून वाचवावा," ते मला म्हणाले. "मार्चमध्ये जागा होतो तो वाचवत नाही, लपवतो."

मी मान हलवली. मला कुठे काय कळत होतं! मी एमपी नगरातल्या एका कोचिंगच्या होस्टेलला डबे पुरवते. सुरुवातीला त्यांनी पॅन मागितला. मला वाटलं, रेशनकार्डासारखा तोही घराला एकच असतो. मी आमच्या ह्यांचा दिला. त्यांचा आधारला जोडलेलाच नव्हता. त्यामुळे होस्टेलवाले टॅक्स म्हणून शंभरातले वीस कापून पैसे देऊ लागले. विचारायची मला लाज. मोठ्या ठिकाणी अशीच पद्धत असेल, म्हणून गप्प बसले. ह्यांचा पगार घराच्या हप्त्यात जायचा. किराणेवाल्याची उधारी एवढी वाढली की त्याने डाळ-तांदूळ द्यायचं थांबवतो म्हणून सांगितलं. डबे बंद करायची पाळी आली.

शेवटी एकदा भाऊजींच्या डब्याबरोबर मी हेही कसंबसं सांगितलं. ते डोक्याला हात लावून बसले.

"वहिनी, घाम तुमचा आणि टॅक्स भाऊंच्या नावाने? उद्या ताप तुम्हाला आला, तर गोळी त्यांना देणार काय?"

मग त्यांनी मला कामालाच लावलं. माझा पॅन काढला, बँकेत डब्यांचं खातं वेगळं उघडायला लावलं. गॅस वेगळा, पिशव्या वेगळ्या, मीठसुद्धा वेगळ्या बरणीत. आमचे हे जेवताना चिडवायचे, "भाजी अळणी झाली गं. धंद्याकडून चिमूटभर उसनं आण." भाऊजी स्वतः होस्टेलच्या ऑफिसात जाऊन बसायचे. तिथल्या लोकांनी कापलेला टॅक्स माझ्या नावावर लावून दिला, तेव्हाच उठले. रिटर्न भरलं. "परत मिळतील पैसे," म्हणाले, "पण सरकार आहे, वेळ लागेल."

किराणेवाला कुठला थांबायला! पण थोड्याच दिवसांत भाऊजी पाकीट घेऊन आले. "निम्मे आले. बाकीचे मागाहून." मी उधारी चुकवली. डबे चालू राहिले.

दिवाळीच्या आधी बँकेत पैसे आले. निम्मे नाही, सगळे. मी पासबुक घेऊन त्यांच्याकडे गेले.

"भाऊजी, मग आधीचे कुठले?"

ते चष्मा पुसायला लागले. "ते... ॲडव्हान्स होता."

"ऑफिसचा?"

"छे! ऑफिसातून कसा देता येईल? घरचा."

मी तेवढी रक्कम काढून नेली, तर हात लावेनात. "एकदम नको. दर महिन्याला थोडे थोडे द्या. नियम आहे."

"कुठला?"

"माझा."

म्हणून मी दर महिन्याला जाऊ लागले. कागद नाही, काम नाही, म्हणून चहा पांढऱ्या कपात. त्यांची बायको भरल्या वांग्यात गूळ घालायची, त्यावरून दोघं भांडायचे, हे मला तिथेच कळलं. अर्धा तास ते बोलायचे आणि मी ऐकायची. मला तेच जमतं. त्या अर्ध्या तासात टॅक्सचा शब्द निघत नसे. कुणी फाईल घेऊन आलं, तर म्हणायचे, "बाद में आना भाई, अभी घर में मेहमान हैं."

परवा शेवटचे पैसे दिले. त्यांनी मोजले नाहीत. नुसते हातात धरून बसले.

"म्हणजे आता पुढच्या महिन्यात तुमचं काही काम नाही," ते म्हणाले.

मला पटकन बोलता येत नाही. दारापर्यंत गेले, चपला घातल्या, तेव्हा कुठे तोंडातून शब्द निघाला.

"तरी येईन."

"कशाला?"

"असंच."

भाऊजींनी जरा विचार केला. "असंच, असं काही हिशेबात दाखवता येत नाही वहिनी," ते म्हणाले, आणि मग हळूच, "पण या."

पैसे मात्र पूर्ण फिटले.