पळताना हलू नये

मूल हातापायांनी शिकतं, हे आता शिक्षणक्षेत्रात सर्वमान्य झालं आहे. मतभेद उरला आहे तो एवढाच, की ते शिकलं हे पालकांना कळणार कसं. एका प्राथमिक शाळेने हा प्रश्न फोटो काढून निकालात काढला होता.

दुसरीच्या बाईंचा यात हातखंडा होता. बाई बरीच वर्षं 'तात्पुरत्या' होत्या. यंदा मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यांना म्हणाल्या होत्या, "उपक्रमांचे फोटो तेवढे छान येऊ द्या. मग तुम्हाला कायम करायचं मी बघते." तेव्हापासून घरी सासूबाई, दूध तापलं का विचारावं तसं, रोज विचारत, "झालीस का गं कायम?"

बाई कामाला लागल्या. मातीकामाने गणवेश मळतात अशी तक्रार आल्यामुळे मातीची भांडी बाजारातून तयार आणली जात आणि मुलं ती हातात धरत (हात आधी स्वच्छ धुऊन). बी रुजायला वेळ घेतं आणि कोणाचं ऐकत नाही, म्हणून मोड आलेले मूग भाजीवाल्याकडून येत. लिंबू-चमच्याच्या शर्यतीत लिंबू पडतं, मग मूल रडतं, आणि रडकं मूल फोटोत शोभत नाही. सबब लिंबं डिंकाने चिकटवण्यात आली. एकही पडलं नाही. काही तर नंतरही निघाली नाहीत.

खरी अडचण धावण्याची होती. पळणारं मूल फोटोत पुसट येतं, आणि पुसट मुलाच्या आईवडिलांना वाटतं की शाळेचं आपल्या मुलाकडे लक्ष नाही (हे ते ग्रुपवर लिहितातही). बाईंनी उपाय काढला. शिटी वाजली की डावा पाय पुढे, उजवा हात वर, दात दिसतील असं हसायचं आणि श्वास रोखायचा. मूल जात्याच चंचल, त्यामुळे सुरुवातीला जड गेलं. पण बाईंनी चिकाटी सोडली नाही. पळताना पडून होणाऱ्या दुखापती शंभर टक्क्यांनी घटल्या. वेगही तेवढाच घटला, पण फोटोत वेग कोण मोजतो.

क्रीडादिनाला संस्थेचे अध्यक्ष स्वतः आले. पालक दोरीपलीकडे फोन उंचावून उभे होते. तयारी चोख होती. आज खरंच पळायचं आहे, एवढं मुलांना सांगायचं राहून गेलं होतं. हे सांगावं लागेल, हेच कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

शिटी वाजली. अख्ख्या रांगेने डावा पाय पुढे टाकला, हात वर केला आणि हसून श्वास रोखला. खेळाच्या सरांनी गोंधळून पुन्हा शिटी मारली. मुलांनी पाय बदलला.

आता कसले कायम होतोय आपण, बाईंच्या मनात आलं.

तेवढ्यात रांगेच्या टोकाची एक मुलगी पळाली. कांजिण्यांमुळे तिचा सराव बुडाला होता, त्यामुळे तिला पळण्याखेरीज काही येत नव्हतं. तिची वेणी सुटली, एक बूट मागे राहिला. शेवटच्या रेषेवरची फीत छातीने ओढत ती आपटली, आणि उठून हसायला लागली. बाईंना इतका आनंद झाला, की त्यांचे हात टाळीसाठी आपसूक वर आले. मग त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं आणि हात खाली घेतले.

"काय शिस्त आहे," अध्यक्ष भारावून म्हणाले. "एक मूल हललं नाही."

"एक हललं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"ती आजारी होती," दुसरीच्या बाई घाईने म्हणाल्या.

ती मुलगी लंगडत जवळ आली. गुडघ्यातून रक्त येत होतं.

"बाई, मी पहिली आले ना?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मुलीच्या घरून कोणी आलेलं नव्हतं. ती पळालेली नीट पाहणाऱ्या बाई एकट्याच होत्या, आणि मोठ्या बाई त्यांच्याकडेच बघत होत्या. दुसरीच्या बाईंनी वाकून रुमालाने मुलीचा गुडघा पुसला आणि कानात म्हणाल्या, "आलीस गं." मग सरळ होऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जा, रांगेत उभी राहा. डावा पाय पुढे."

मुलगी गेली. हुशार होती, एकदा सांगितलेलं तिला पुरलं.

निकाल फोटोवरून लागला आणि सगळेच पहिले आले. बाई त्याच महिन्यात कायम झाल्या. सासूबाईंनी ऐकून "बरं झालं" म्हटलं. बाईंना मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

दोरीपलीकडे आपणही होतात. आपल्या मुलाचा फोटो सुरेख आला आहे, पाय, हात, दात, सगळं जागच्या जागी. ती पळालेली मुलगी आठवत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. ती आपल्या समोरूनच गेली, आणि आपण "अगं बाजूला हो" म्हणालात.